एकाच घरचे

शेतातल्या टिनाच्या खोलीच्या दारावर पंजाबरावांनी खडूची पहिली रेघ ओढली ती चोवीस ऑक्टोबरला, रविवारी. चौदा रेघा पुऱ्या झाल्या की सात नोव्हेंबर येत होता. त्या दिवशी औरंगाबादहून त्यांचा मुलगा अविनाश, सून पुष्पांजली आणि आठ वर्षांची नात प्रतीक्षा येणार होती. पण उंद्रीच्या घरी नव्हे. उंद्रीपासून अकरा किलोमीटरवर, चिखलीच्या रस्त्याला एक पार्क आहे. आकाशपाळणा, छोटी रेल्वे, पाण्याच्या घसरगुंड्या. दीड वर्ष ते बंद होतं आणि नुकतंच उघडलं होतं. तिथे भेटायचं ठरलं होतं.

कारण प्रतीक्षाचं होतं. दोन वर्षांपासून तिला किडनीचा त्रास होता. त्यावरच्या गोळ्यांनी अंगातली रोगाशी लढायची ताकद कमी होते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बंद खोली नको, गर्दी नको, भेटायचंच असेल तर उघड्यावर. उंद्रीच्या घरी पाहुणा आला की अर्धी गल्ली ओट्यावर येते. येऊ नका म्हणायची तिथे रीत नाही.

पंजाबरावांनी नातीला शेवटचं पाहिलं होतं फेब्रुवारी २०२० मध्ये. त्यानंतर फोनवरच. या एप्रिलमध्ये त्यांची बायको मनकर्णाबाई दवाखान्यातच वारली, तेव्हाही अविनाश येऊ शकला नव्हता. त्यावर बाप-लेक पुढे कधी बोलले नाहीत.

पार्कचं ठरलं त्या संध्याकाळी प्रतीक्षा फोनवर म्हणाली, "आबा, आपण आकाशपाळण्यात शेजारी बसायचं. मला वर गेल्यावर भीती वाटते. तुम्ही माझा हात धरायचा."

"हाव, बसू."

"नक्की?"

"नक्की म्हंजे नक्की."

दुसऱ्या दिवशी ते अंथरूण घेऊन शेतात राहायला गेले. चौदा दिवस कोणाच्या जवळ जायचं नाही, मग हात धरायला हरकत उरत नाही, असा त्यांचा सरळ विचार होता. लसीचे दोन्ही डोस झालेच होते. अविनाशला त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "मी नीट राहून राह्यलो." तो म्हणाला, "बरं." चौदा दिवसांचं तिथेच सांगू, समोरासमोर, असं त्यांनी ठरवलं होतं.

शेजारच्या शेतातल्या गोजरबाई रोज दुपारी बांधावर भाकरी ठेवून जात.

"भाऊजी, ठेवली हो. मी गेल्यावर या. कितवा हाय आज?"

"नववा."

"मीनं लेकराच्या टायमालेही एवढे दिवस नाही मोजले!"

पंजाबरावांचा लहानपणापासूनचा सोबती कडूबा एकदा रस्त्यावर बैलगाडी थांबवून ओरडला, "पंजाब्या, गावानं तुले वाळीत टाकलं का तूनं गावाले?"

"मीनंच गावाले."

"काऊन बे?"

"नात येऊन राह्यली."

"मंग? नात येते तं माणूस चिवडा करते, अनारसे करते. तू जोगी झाला!"

पंजाबराव हसले, पण जागचे हलले नाहीत. हरभऱ्याला पाणी दिलं, तुरीतून फिरले, झाडावरची सीताफळं उतरवून गवतात पिकायला घातली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घराला कुलूपच होतं. त्यांनी विहिरीवरच्या मोटरीजवळ एक पणती लावली आणि वाऱ्याने ती दोनदा विझली तेव्हा तिसऱ्यांदा लावली नाही. गावातले फटाके शेतापर्यंत ऐकू येत होते.

सहा तारखेला चौदावी रेघ झाली.

सात तारखेला एसटी नव्हती, संप होता. उंद्रीच्या फाट्यावर काळी-पिवळी जीप उभी होती. आत चौदा माणसं आणि मागे लोंबकळणारी तीन. ड्रायव्हर म्हणाला, "या काका, करतो जागा." पंजाबरावांनी आत नजर टाकली. दोघांच्या तोंडाला रुमाल होता, बाकीच्यांच्या नव्हता. ते घरी परतले, सायकल काढली, हवा भरली, हँडलला सीताफळांची पिशवी अडकवली. वय चौसष्ट. अकरा किलोमीटरला त्यांना सव्वा तास लागला आणि त्यातले शेवटचे चार किलोमीटर उन्हातले होते.

ते पोचले तेव्हा अविनाशची गाडी नुकतीच लागली होती. चौघे एकदमच फाटकाशी आले. फाटकावरच्या माणसाने पंजाबरावांच्या कपाळासमोर ताप मोजायची बंदूक धरली. ती टूं-टूं वाजली आणि तिची काच लाल झाली.

"काका, शंभर पॉइंट दोन दाखवून राह्यलं."

"सायकलवर आलो ना बा. ऊन हाय."

"असन. पण मले मशीनचं ऐका लागते. बसा तिथं सावलीत, वीस मिनिटं."

पुष्पांजलीने काचेवरचा आकडा पाहिला होता. तिने प्रतीक्षाला आपल्या डाव्या हाताकडून उजव्या हाताकडे घेतलं.

पंजाबराव कडुलिंबाखाली वीस मिनिटं बसले. अविनाश दोन झाडं सोडून उभा राहिला. "बाबा, अंग दुखतंय का? खोकला?"

"नाही रे. ऊन लागलं."

"वास येतोय ना नीट?"

पंजाबरावांनी पिशवीत नाक घातलं. "सीताफळाचा येते."

दुसऱ्यांदा बंदुकीने सत्त्याण्णव पॉइंट आठ दाखवलं. "ऊनच होतं, जा," फाटकावरचा माणूस म्हणाला. पण शंभर हा आकडा चौघांबरोबर आत आला.

आत जमिनीवर पांढऱ्या रंगाने सहा-सहा फुटांवर गोल काढले होते. प्रतीक्षा धावत निघाली आणि एका गोलात आपणहून थांबली. गोळ्यांनी तिचे गाल फुगले होते, ते मास्कच्या दोन्ही बाजूंनी दिसत होते. तिने हात जोडले. "आबा, इथूनच. तुम्ही पण गोलात उभे राहा ना."

ते गोलात उभे राहिले. "किती उंच झालीस वं!"

"एकशे एकवीस सेंटिमीटर."

सीताफळांची पिशवी अविनाशने दोन बोटांनी घेतली आणि गाडीत ठेवली. दोन दिवसांनी खाऊ, म्हणाला. पाण्याचे खेळ बंद होते. घसरगुंड्यांच्या हौदात वाळका पाला साचला होता. रेल्वेच्या डब्यांवर एकाआड एक लाल फुल्या होत्या. प्रतीक्षा दोनदा रेल्वेत बसली, आईबरोबर. पंजाबराव रुळांच्या बाहेर उभे राहून दर फेरीला हात हलवत होते. चौदा दिवसांचं सांगायला जागा सापडत नव्हती. सहा फुटांवरून, मास्कमधून, गाण्याच्या भोंग्याखाली ते ओरडून सांगावं लागलं असतं.

दीड वाजता ते आकाशपाळण्यापाशी आले. पाळणा फार मोठा नव्हता, बारा खुर्च्यांचा. खाली पाटी होती: एका पाळण्यात एकाच घरचे. पाळणा चालवणारा पोट सुटलेला, पन्नाशीचा माणूस होता. मास्क त्याने हनुवटीखालून ओढून वर घेतला आणि चौघांकडे बोट फिरवलं.

"एकाच घरचे ना?"

अविनाशने पुष्पांजलीकडे पाहिलं. पुष्पांजली पाटी वाचत होती. मघाशी वाचली होती तरी पुन्हा वाचत होती.

"हो!" प्रतीक्षा म्हणाली.

"लेकराले नाही इचारलं. मोठ्यानं सांगा. मागं लाईन हाय."

अविनाशचं तोंड मास्कच्या आत उघडलं असावं, कारण मास्क जरा हलला. पंजाबराव त्याला ओळखत होते. शाळेत असताना मास्तरांनी काही विचारलं की तो असाच थांबायचा. खोटं बोलता येत नाही आणि खरं बोलवत नाही. आताही तो तसाच उभा होता आणि त्याच्या पोरीचा हात तिच्या आईच्या मुठीत होता.

"नाही," पंजाबराव म्हणाले. "हे तिघं एका घरचे. मी उंद्रीचा."

"आबा! तुम्ही हो म्हणा ना!"

"खोटं बोलून पाळण्यात बसू नये बाई. वर गेल्यावर लय हालते."

पाळणेवाल्याने तिघांना बसवलं, साखळी अडकवली आणि चाक अर्धं फिरवून बरोबर समोरचा पाळणा खाली आणला. वजन समोरासमोर लागतं, नाहीतर चाक ओढत नाही. पंजाबराव एकटे भरत नव्हते. त्याने बाजूच्या ढिगातून रेतीचं एक पोतं उचललं, त्यांच्या शेजारी ठेवलं आणि सुतळीने दांड्याला बांधलं.

"काका, हात ठेवा त्याच्यावर. सरकते ते."

पंजाबरावांनी पोत्यावर हात ठेवला. पाळणा निघाला. ते वर गेले की ती तिघं खाली असायची आणि ती वर गेली की हे खाली. मधोमध, चाक आडवं असताना, दोन्ही पाळणे एका उंचीवर यायचे, पण तेव्हा चाकाची पूर्ण रुंदी मध्ये असायची. तिथून त्यांना प्रतीक्षाची पिवळी टोपी दिसली. तिने डोळे मिटले होते की उघडे होते, ते कळलं नाही. वरून चिखलीकडचा रस्ता, कापलेली सोयाबीनची रानं आणि फाटकाशी उभी केलेली त्यांची सायकल दिसत होती. सहा फेऱ्या झाल्या.

खाली उतरल्यावर प्रतीक्षाने तिच्या गोलातून विचारलं, "आबा, तुमच्या शेजारी कोण बसलं होतं?"

"पोतं."

ती हसली. "बोलत होतं का?"

"नाही. लय चांगलं होतं. भांडत नाही, रडत नाही."

तीन वाजता ते निघाले. अविनाश सहा फुटांवरून वाकला, हात जमिनीला लावून कपाळाला नेला. "जपून जा, बाबा." गाडी दिसेनाशी होईपर्यंत पंजाबराव थांबले आणि मग सायकलवर बसले.

गोजरबाई बांधावर वाट पाहत होत्या. "बसले का मंग पाळण्यात?"

"बसलो."

"सोबत?"

"तिथंच थांबा," पंजाबराव म्हणाले. त्या पुढे येत होत्या. "दोनशे माणूस होतं आज पार्कात. तुमच्या घरी उत्तमरावाले दमा हाय. भाकर बांधावरच ठेवत जा अजून."

"अजून? किती दिवस?"

"चौदा."

त्यांनी ओल्या फडक्याने दारावरच्या रेघा पुसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली ओढली.

बुधवारी अविनाशचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"बाबा, काल तुमचा फोन लागेना म्हणून मी गोजरकाकूंना लावला. त्या म्हणाल्या, तुम्ही चौदा दिवस शेतात एकटे होतात. आम्ही येणार म्हणून."

"हाव."

"मग तिथे सांगितलं का नाही? तुम्हाला आमच्यात बसता आलं असतं."

"पाळणेवाल्यानं तसं नव्हतं इचारलं. किती दिवस एकटे होते, असं इचारलं असतं तं सांगितलं असतं. त्यानं इचारलं, एकाच घरचे का."

मग अविनाश म्हणाला, "प्रतीक्षाला देतो."

"आबा, सीताफळं संपली. आबा, त्या पोत्याला वर भीती वाटली होती का?"

"थोडी वाटली असन. मीनं धरून ठेवलं होतं त्याले."

"मला पण वाटली. आईनं धरला हात."

"मंग बरं झालं."

फोन बंद झाल्यावर त्यांनी फळीवरचा खडू घेतला आणि दाराशी गेले. आजची, तिसरी रेघ सकाळीच ओढून झाली होती. त्यांनी खडू परत जागेवर ठेवला.