एक भाषण, एक बातमी, तीन धडे

तिने पट्टी ठेवून कागदावर पाचवा रकाना आखला आणि त्याच्या डोक्यावर लिहिलं, 'तथ्य'. आधीचे चार रकाने भाषणाची निवड, बातमीची निवड, दोन्हींची सांगड आणि सादरीकरण यांचे. प्रत्येकाला दहा गुण. आज गुण देण्याची पाळी तिची होती. पंधरा दिवसांच्या रजेवरून परतल्यावर पहिल्याच सोमवारी ही पाळी यावी, याचं तिला बरंही वाटलं नाही आणि वाईटही. रेघ सरळ येत होती, तेवढं पुरेसं होतं.

सोमवारी साडेनऊचा हा कार्यक्रम कधी चुकत नसे. कारखाने, गोदामं, लिफ्ट, बॉयलर असलं सगळं सुरक्षित आहे की नाही ते तपासून ही कचेरी दाखले देत असे, आणि साहेबांचं म्हणणं असं की तपासनीस काही नुसत्या नियमांनी घडत नाही. म्हणून उमेदवारीच्या वर्षातल्या सहा जणांपैकी एकाने दर आठवड्याला एक प्रेरणादायी भाषण निवडायचं, एक ताजी बातमी निवडायची आणि दोन्ही घुसळून नव्या व्यावसायिकांसाठी तीन धडे काढायचे. तीनच. चौथा सुचला तरी गिळायचा. एकदा एकाला दोनच सुचले, तर साहेबांनी तिसरा येईपर्यंत त्याला खाली बसू दिलं नाही. शेवटी 'वेळेचं महत्त्व' असं काहीतरी पुटपुटून त्या बिचाऱ्याने सुटका करून घेतली.

आज पडद्याजवळ उभा होता तो प्रोफेसर. हे नाव त्याला पहिल्याच महिन्यात चिकटलं, कारण चहा घेणार का एवढं विचारलं तरी तो चहाच्या फायद्या-तोट्यांपासून सुरुवात करायचा. मनाने मात्र स्वच्छ. सकाळी ती दारातून आत आली तेव्हा तोच काय तो खुर्चीतून उठला होता.

"आलीस! घरी सगळं ठीक ना?"

"हो."

"बारीक झालीस."

"प्रवास झाला," ती म्हणाली.

रजेच्या अर्जात तिने 'घरगुती कारण' एवढंच लिहिलं होतं. खरं कारण लिहायला घेतलं तेव्हा 'भाऊ' या शब्दापाशी बोट अडलं आणि पुढे सरकेचना. मग कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. आता सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलंस इथपासून सगळं आलं. त्यापेक्षा गप्प राहणं सोपं होतं, आणि हल्ली जे सोपं असेल ते ती करत होती.

प्रोफेसरने भाषणाची चित्रफीत लावली. बोलणारा गिर्यारोहक होता. बर्फात बोटं गमावलेला, तरीही हसतमुख. तो सांगत होता की विमान उडायच्या आधी एक सूचना देतात: आधी स्वतःचा मास्क लावा, मग शेजाऱ्याला मदत करा. लोक ती सूचना ऐकत नाहीत, म्हणून त्यांची आयुष्यं कोसळतात. चित्रफितीतल्या श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने पहिल्या रकान्यात आठ गुण लिहिले.

"आणि आता बातमी," प्रोफेसर म्हणाला.

पडद्यावर मथळा आला. कोल्ड स्टोरेजमधली अमोनिया गळती: शिफ्ट इन्चार्जचा निष्काळजीपणा, प्राथमिक चौकशीचा निष्कर्ष. खाली बारीक अक्षरांत, मृत शिफ्ट इन्चार्जचं वय चौतीस. नाव नव्हतं.

चौतीस म्हणजे दादा. ती खुर्चीत तशीच बसून राहिली आणि छातीत काहीतरी होईल म्हणून वाट पाहिली. काही झालं नाही. बातमी ताजी होती, निवड चोख होती. तिने दुसऱ्या रकान्यात नऊ लिहिले.

या पंधरा दिवसांत तिने वर्तमानपत्र उघडलं नव्हतं, एकही फोटो पाहिला नव्हता. निष्कर्ष मात्र छापून यायच्या आधीच घरी पोचला होता. कंपनीचा एक माणूस भेटायला आला होता. पाणीही न घेता तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि जाता जाता म्हणाला, मास्क तिथे भिंतीवरच होते हो काकू, घालायला हवा होता त्यांनी. तेव्हापासून आईने एकच धोशा लावला होता. असताना का नाही घातला गं त्यानं? भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, मध्येच हात थांबवून, तेच. जणू तो थंडीत स्वेटर न घालता बाहेर पडला होता. कधी कधी तर ती त्याला सरळ रागे भरायची, तो पलीकडच्या खोलीत असल्यासारखी. "लहानपणापासून असाच, कधी कुणाचं ऐकलं नाही." वहिनी मग उठून आत जायची. तो दोन कामगारांना बाहेर काढून मेला, हे येणारे-जाणारे एकदा म्हणायचे आणि पुन्हा मास्कवर यायचे. तिला आईला काहीच उत्तर देता येत नव्हतं. खरं सांगायचं तर तिलाही दादाला तेच विचारायचं होतं, आणि त्या रागापायी तिचं रडूसुद्धा आत कुठेतरी अडकून बसलं होतं. आईला एकदा उत्तर मिळालं असतं, तर बहुतेक दोघींनाही नीट रडता आलं असतं.

"धडा पहिला," प्रोफेसर सांगत होता, "स्वतः सुरक्षित नसलेला माणूस दुसऱ्याला सुरक्षित करू शकत नाही. धडा दुसरा, भावना म्हणजे कार्यपद्धती नव्हे. या गृहस्थांची भावना चांगलीच होती, मी त्यांचा अपमान करत नाही. पण दहा पावलांवर मास्क असताना ते तसेच आत गेले. आणि धडा तिसरा, संकटात आपण नवीन काही शिकत नाही. आधी जी सवय असेल तीच वर येते."

"वा," साहेब म्हणाले. "तिसरा छान आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या. सांगड खरोखरच बेमालूम होती, मास्कला मास्क. तिने तिथे दहा लिहिले, सादरीकरणाला नऊ, आणि शेवटच्या रकान्यापाशी आली.

प्रोफेसर पुराव्याशिवाय बोलणाऱ्यांतला नव्हता. शेवटी त्याने चौकशी अहवालातला फोटो लावला होता. कोल्ड स्टोरेजचा बोळ, डाव्या हाताला जाड दार, उजवीकडे भिंतीत जाळीच्या दाराचं लोखंडी कपाट, आत लटकलेले दोन मास्क. त्यांच्यावर त्याने लाल बाण काढला होता आणि बाणाच्या शेपटाशी लिहिलं होतं, 'उपलब्ध'.

कचेरीत तिला सगळे भिंगबाई म्हणत. फोटो हातात आला की ती वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ओळी वाचाव्यात तसा तो वाचत जायची. हे शिकवलं साहेबांनीच, पण मुरलं फक्त तिच्यात. आता तिला काही वाचायचं नव्हतं. पण तथ्याचे गुण द्यायचे तर बघायला हवं, आणि डोळे तिला न विचारता कामाला लागले. छत. दिवा. दार, दाराची मूठ. पाइप. ज्या फरशीवर दादा पडला असेल ती फरशीसुद्धा डोळ्यांनी ओलांडली. मग कपाट.

"मोठा कर जरा," ती म्हणाली.

"काय?"

"फोटो. उजवीकडचं कपाट."

प्रोफेसरने मोठा केला. जाळी पसरट झाली, मास्क फुगले.

"अजून. बाणाच्या खाली."

बाणाच्या शेपटाखाली कडी होती आणि कडीत कुलूप. अंगठ्याच्या नखाएवढं दिसत होतं, पण कुलूपच. त्याखाली एक कागद चिकटवलेला. अक्षरं आधी नुसती मुंग्यांसारखी होती. प्रोफेसरने आणखी एकदा मोठं केलं तेव्हा वाचता आली: किल्ली स्टोअर ऑफिसमध्ये मिळेल.

प्रोफेसरने अहवालाची पानं उलटली, नकाशा काढला आणि त्यावर बोट फिरवत राहिला.

"स्टोअर ऑफिस कुठे दाखवलंय?" साहेबांनी विचारलं.

"गेटपाशी." त्याचा आवाज बारीक झाला होता. "इमारतीला वळसा घालून जावं लागतं. साहेब, मी हा फोटो आठ वेळा पाहिलाय."

"पाहिलास. वाचला नाहीस." साहेब तिच्याकडे वळले. "वा, भिंगबाई! याला म्हणतात नजर."

त्यांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. टाळ्या संपेपर्यंत तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. तेवढ्यात साहेबांना दुसरंच काहीतरी आठवलं आणि ते खुर्चीतून अर्धे उठले.

"कपाटावर तपासणीचा स्टिकर आहे ना तो? रंग कोणता?"

"नारिंगी."

"मग आपल्या कचेरीचा नाही," साहेब म्हणाले आणि बसले. "आपला हिरवा."

खोलीत सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. प्रोफेसर तेवढा अजून कागदांत डोकं घालून होता.

"साहेब, आपल्या फॉर्मात काय विचारलंय? मास्क आहेत का, किती आहेत, मुदत संपली आहे का." तो थांबला. "कुलपाचं काहीच नाही."

"हा झाला चौथा धडा," साहेब म्हणाले. "पण आपण तीनच घेतो. तुझा दुसरा काढ आणि हा घाल."

कुणीतरी हसलं. ती हसली नाही, पण चिडलीही नाही. चिडायला अंगात काहीतरी लागतं. ती मनातल्या मनात मोजत होती. वर्षभरात अशी अकरा कपाटं तिने तपासली होती. जाळीतून बॅटरी मारायची, दोन दिसले की दोन लिहायचे, खूण करायची, पुढे जायचं. कुठे कुलूप होतं आणि कुठे नव्हतं, हे तिला आठवेना. एकच आठवलं. रंगाच्या कारखान्यातलं, नवंकोरं, चकचकीत. ते पाहून तिला समाधान वाटलं होतं आणि तिने शेऱ्यात आपल्या मनाने एक वाक्य घातलं होतं: मास्क कुलूपबंद व सुरक्षित ठेवलेले आहेत. साहेबांनी त्याखाली रेघ मारून 'चांगलं निरीक्षण' असं लिहिलं होतं.

तिने पाचव्या रकान्यात शून्य लिहिलं आणि कागद प्रोफेसरच्या हातात दिला.

"शून्य?" तो म्हणाला.

"तथ्य चुकलं." ती उठली. "मी एक फोन करून येते."

जिन्यात कुणी नव्हतं. आईने पहिल्या घंटेलाच फोन उचलला. मागे नळ चालू होता.

"पोचलीस ना नीट? काही खाल्लंस का?"

"आई, ऐक. मास्क त्याच्या हाताशी नव्हता गं."

"म्हणजे?"

"कपाटात होता आणि कपाटाला कुलूप होतं. किल्ली पार गेटपाशी, दुसऱ्याच ऑफिसात. ती आणायला गेला असता तर आतली दोघं राहिली नसती."

"तुला कुणी सांगितलं?"

"फोटो आहे. मी पाहिला, आत्ता."

नळ बंद झाला. फोन कटला की काय म्हणून तिने पडद्यावर बघितलं.

"म्हणजे तो विसरला नव्हता," आई म्हणाली.

"नाही."

"असूनही घातला नाही, असं नाही."

"नाही, आई. दादानं सगळं बरोबर केलं."

"आणि मी मेली त्याला बोलतेय. पंधरा दिवस उठता-बसता बोलतेय."

मग आई रडायला लागली. चारचौघांत रडली होती तशी नाही, तोंडात पदर कोंबून रडावं तशी. ती ऐकत राहिली. मागे दार वाजलं. प्रोफेसर गुणांचा कागद घेऊन उंबऱ्यात उभा होता. त्याने किती ऐकलं होतं कोण जाणे, पण त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. त्याने कागदाची घडी घातली आणि मागे सरून दार हळू लावून घेतलं. आता आपल्याला रडू येईल, असं तिला वाटलं. आलं नाही.

आईने नाक पुसलं. तिचा आवाज आता थकलेला होता, पण पुष्कळ दिवसांनी तो सरळ येत होता.

"वहिनीला सांगते. तुझ्या तोंडून ऐकेल ती, संध्याकाळी तूही फोन कर तिला."

"करते."

"पण काय गं," आई म्हणाली, "तिथे तपासायला येतात ना माणसं? तुझ्यासारखी?"

"येतात."

"मग त्यांना ते कुलूप दिसलं नाही?"

ती जिन्याच्या पायरीवर बसली.

"दिसतं, आई," ती म्हणाली.