पुढच्याचा हात

"मान वर करा की जरा," सयाजीची बायको शालन म्हणाली.

सयाजीने मान वर केली. तिने हनुवटीखालची हेल्मेटची क्लिप दाबून बसवली आणि न विचारता खाली वाकून बुटांचे पट्टेही ओढले.

"बुटाचं मी केलं असतं."

"केलं असतं की. ऊन वर आल्यावर."

दारातल्या दिव्याखाली त्याने हात पाठीमागे घेतले, पण तिने ते पाहिलेच होते. दोन्ही हातांची मधली बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पांढरी पडली होती. नुसती फिकट नव्हेत, मेणासारखी पांढरी. पांढरं कुठे संपतं आणि कातडी कुठे सुरू होते, ती रेघ ठळक दिसत होती.

"अनेकांतला सांगितलं का?"

"काय सांगायचं त्यात? जानेवारीची थंडी हाय. सगळ्यांचीच हुत्यात."

"माझी न्हाय झाली," ती म्हणाली. त्याचे दोन्ही हात ओढून तिने आपल्या शालीत धरले. रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजेपर्यंत दोघे तसेच उभे राहिले.

सयाजी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत फेटलिंगला होता. ओतकामातून आलेल्या लोखंडी भागांच्या कडा ग्राइंडरने घासून काढायच्या, हे काम. वीसेक वर्षे तो तेच करत होता. मशीन बंद केल्यावरही हातांतली थरथर लगेच थांबत नसे. घरी पोचेपर्यंत ती मनगटात गुणगुणत राही. मग एका हिवाळ्यात करंगळीशेजारच्या बोटाचं टोक पांढरं पडलं. पुढच्या हिवाळ्यात आख्खं बोट. डॉक्टरांनी त्याचे हात गार पाण्यात घालायला लावले, मग उजेडात धरून पाहिले. सततच्या कंपनाने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात आणि थंडी लागली की मिटून जातात, असं त्यांनी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मशीन सोडा. आणि थंड वाऱ्यात जाऊ नका."

"दोन्ही?" सयाजीने विचारलं होतं.

थंड वारा म्हणजे सायकल. पूर्वी तो कामावर साध्या सायकलने जाई. हायवेवर एका पहाटे शाहूपुरीतल्या पंपांच्या दुकानाचा मालक अनेकांत आपल्या महागड्या सायकलवरून त्याला मागे टाकायला निघाला आणि त्याला ते जमलं नाही. त्यातून ओळख झाली, पुढे संघ झाला. चौघांचा हौशी संघ: अनेकांत, त्याचा मावसभाऊ सम्मेद, हातकणंगल्याच्या पतसंस्थेत नोकरी करणारी संयोगिता आणि सयाजी. तिघांच्या सायकली हलक्या होत्या, सयाजीची अनेकांतने वापरून दिलेली. पण घाट उतरताना पुढे सयाजीच असायचा. वळण किती आत घ्यायचं, रस्ता कुठे ओला असेल, हे तो रस्त्याकडे बघून ओळखी. मागचे तिघे रस्त्याकडे बघतच नसत. ते सयाजीच्या पाठीकडे आणि हाताकडे बघत.

उतारावर वारा कानांत एवढा भरतो की ओरडलेलं मागे पोचत नाही. म्हणून हात. खड्डा ज्या बाजूला, त्या बाजूचा हात हँडलवरून सोडायचा आणि बोट खाली दाखवायचं. मागच्याने तेच करून त्याच्या मागच्याला दाखवायचं. पुढच्याचा हात आला नाही म्हणजे रस्ता चांगला आहे. संघ चालायचा तो या एका गोष्टीवर.

नोव्हेंबरच्या अखेरीस, हंगामातल्या शेवटच्या शर्यतीत, आंबोलीच्या उतारावर सयाजीच्या लगेच मागे असलेली संयोगिता पडली. खड्ड्यात चाक गेलं, गळपट्टीचं हाड मोडलं. त्या वर्षी संघ पहिल्यांदाच तिसऱ्या नंबरावर होता. ती शर्यत तिथेच संपली आणि हंगामही.

कुणी कुणाला दोष दिला नाही. तरी सम्मेद तिला बघायला गेला तेव्हा म्हणालाच, "चाकाला चाक लावून चाललीस की असंच हुतंय." संयोगिता गळ्यातली झोळी सावरत म्हणाली होती, "व्हय, माझंच लक्ष न्हवतं." सयाजी पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. आणलेली मोसंबी त्याने टेबलावर ठेवली आणि पिशवीची घडी घालत राहिला.

आता नव्या हंगामाआधी डोंगराचा सराव सुरू होणार होता. कोल्हापूरच्या माणसाची यात एक अडचण असते. गाव पठारावर आणि घाट खाली कोकणात उतरणारे. चढायचा सराव करायचा तर आधी उतरावं लागतं. चढ सयाजीला कधीच जड गेला नाही. अंग तापलं की बोटांत रक्त येई आणि हात त्याचे होत. उतरताना मात्र वारा लागे.

टेम्पो गगनबावड्याच्या दिशेने चालला होता. पुढे केरबा गाडी हाकत होता, शेजारी अनेकांत. मागे सायकली बांधलेल्या आणि त्यांच्यामध्ये पोत्यांवर तिघे.

"मामा," संयोगिता हळूच म्हणाली, "परवा जोतिबाच्या उतारावर गेलते एकटी. आख्खा उतार ब्रेक धरूनच आले. एक म्हातारा लुनावरनं पुढं गेला मला टाकून."

"हुईल कमी," सयाजी म्हणाला.

"हात सुटतच न्हाईत हँडलवरनं. मला वाटतंय, माझी नजरच गेली. समोरचं दिसतच न्हाय मला."

सम्मेद झोपेतून म्हणाला, "लुनावाल्यालाच घेऊया मग संघात."

ती हसली. सयाजीने हात काखेत घातले आणि बाहेर बघितलं. उसाच्या फडांवर धुकं बसलं होतं.

घाटमाथ्यावरच्या टपरीवर ठरल्याप्रमाणे चहा झाला. उतरण्याआधी एक चहा, चढून आल्यावर पोटभर नाष्टा, हा संघाचा नियम. कोकणातून वर येणारा वारा बाकाच्या फळीलाही गार करत होता.

"पावणं, कांदाभजी काढू का?" टपरीवाला म्हणाला.

"ह्या पक्क्या जैनासाठी नुसत्या पिठाची काढा," सम्मेद अनेकांतकडे बोट करून म्हणाला. "आणि माझी कांद्याची हळूच कागदात गुंडाळून द्या."

"मावशीला फोन लावू का आत्ता?" अनेकांत म्हणाला.

उकळता चहा काचेच्या ग्लासांतून आला. अनेकांतने ग्लास रुमालात धरला. सम्मेदने तो बाकावर ठेवून वाकून फुर्र केलं. संयोगिताने वरची कड दोन बोटांत धरली आणि चटका बसल्यावर हात बदलला.

सयाजीने ग्लास मुठीत धरला होता. पाण्याचा तांब्या धरावा तसा.

संयोगिता बघत राहिली. तिच्या ग्लासातली वाफ तिच्या चेहऱ्यावर येत होती. मग ती उठून त्याच्याशेजारी बसली.

"मामा, ग्लास ठेवा खाली."

"का?"

"भाजतंय तुम्हाला."

त्याने मुठीकडे पाहिलं आणि ग्लास ठेवला. तळव्यावर लाल पट्टा उठला होता. त्याच्या वरची बोटं पांढरीच होती. तिने त्याच्या मधल्या बोटाच्या नखावर आपलं नख रुतवलं.

"लागतंय?"

तो तिच्या रुतलेल्या नखाकडे बघत राहिला. दुसरीकडे अनेकांत टपरीवाल्याशी खालच्या रस्त्याबद्दल बोलत होता.

"आंबोलीतबी असंच हुतं?"

सयाजीने हात मागे ओढून बघितला. तिने तो सोडला नाही.

"आठवतंय मला," ती म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता. "हात आला न्हवता. दोन्ही हात ब्रेकवर हुते तुमचे. पण सयाजीमामांनी हात दाखवला न्हाय असं हुईलच कसं, म्हणून मी म्हटलं, मलाच नीट आठवत न्हाय. मीच बघितला नसंल."

"एक सोडला असता," तो म्हणाला, "तर दुसऱ्यानं ब्रेक लागला नसता. एकात जोरच न्हवता."

"मग सांगायचं तरी."

"सांगितलं की संपलं. फाउंड्रीतबी, हितंबी."

"आणि मी?"

तिने त्याचा हात त्याच्या मांडीवर नीट ठेवला आणि उठली. जाताना म्हणाली, "मी सांगत न्हाय कुणाला. तुमचं तुम्ही बघा." ती सायकलपाशी गेली आणि हवा भरलेल्याच चाकांत पुन्हा हवा बघत राहिली.

"चला!" अनेकांतने टाळी वाजवली. "सयाजीदादा पुढं, मग सम्मेद, मग संयोगिता. मी शेवटाला. केरबा, तू टेम्पो घेऊन मागनं ये."

सयाजी उठला नाही.

"मी न्हाय पुढं."

"का ओ? चहा बाधला काय?"

"हिला घाल पुढं."

अनेकांत हसला, मग त्याने संयोगिताकडे पाहून आवाज खाली आणला. "दादा, आंबोलीनंतर पयल्यांदाच घाट उतरत्या ती. पडलेलं माणूस पुढं घालायचं?"

"ती पडली न्हाय," सयाजी म्हणाला. "मी पाडली. हात दाखवला न्हाय मी. दाखवता आला न्हाय." त्याने दोन्ही पंजे पुढे केले, शाळेत छडी खायला करतात तसे. "ह्या बोटांस्नी कळत न्हाय. थंडीत ब्रेक हाय का दांडा हाय, काय कळत न्हाय."

सम्मेदने भज्यांचा कागद बाकावर ठेवला. अनेकांत पुढे आला. त्याने त्या बोटांना हात लावला आणि लगेच मागे घेतला.

"कधीपासनं?"

"लई दिस झालं."

"आन् आम्ही डोळं झाकून तुमच्या मागनं..." अनेकांतने वाक्य सोडलं. त्याने हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं. शेवटी म्हणाला, "बरं. एक करा. टेम्पोतनं खाली चला. चढताना या आमच्याबर. चढाला काय वारा लागत न्हाय."

"उतरल्याबिगर चढलेलं मोजत न्हाईत," सयाजी म्हणाला. हा नियम त्यानेच कधीतरी सम्मेदला सुनावला होता, सम्मेद एकदा टेम्पोत बसून खाली गेला तेव्हा.

मग संयोगिता म्हणाली, "मी जाते पुढं." ती कुणाकडेच बघत नव्हती.

"मधल्या हेअरपिन वळणाला आत मोठा खड्डा पडलाय," टपरीवाला म्हणाला. "दिसत न्हाय वरनं. परवाच एक मोटरसायकल गेली त्यात."

सयाजी केरबाकडे वळला. "आधी मला तिथं सोड. मग निघू देत ही."

वळण अजून सावलीत होतं. खड्डा टपरीवाल्याने सांगितला तसाच होता: रुंद, कडा तुटलेला, आणि वळणाच्या पोटात असा की अगदी जवळ येईपर्यंत दिसू नये. केरबाने टेम्पो खाली कडेला लावला. सयाजी खड्ड्याशेजारी दरीकडे पाठ करून उभा राहिला. त्याने उजवा हात बाजूला सोडला आणि बोट खाली धरलं.

आधी ब्रेकचा आवाज आला. वरच्या वळणापासून तो सारखा घासत येत होता, मधेच थांबत नव्हता. मग संयोगिता दिसली. खांदे वर चढलेले, कोपरं ताठ. तिने सयाजीला पाहिलं. त्याच्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. ब्रेकचा आवाज थांबला. सायकल हलकेच बाहेरच्या अंगाला झुकली, आणि खड्ड्याजवळून जाताना तिचा हात हँडलवरून सुटला. एक क्षणभरच. बोट खाली आलं. मागून सम्मेदने तेच केलं, त्याच्यामागून अनेकांतने, त्याच्यामागे कुणी नसूनही.

तिघे पुढच्या वळणाआड गेले. चाकांचा आवाज थोडा वेळ खालून येत राहिला. मग तोही झाडीत विरला.

"गेली की सगळी," केरबा म्हणाला. "घ्या हात खाली."

सयाजीने हात खाली घेतला. वाऱ्याने आता सगळीच बोटं पांढरी केली होती. त्याने हनुवटीखाली चाचपलं, क्लिप सापडली की नाही ते कळेना, आणि थोडा वेळ तो तसाच चाचपत राहिला.

"केरबा," तो म्हणाला, "एवढं काढ की."

"चढताना लागंल न्हवं?"

"न्हाय लागत."

केरबा जवळ आला. सयाजीने मान वर केली.