मी मख्झन, तेलाच्या दारावरचा शब्द

मला हात नाहीत, पाय नाहीत, तरी अर्धा युरोप माझ्या लेकरांनी भरला आहे. मित्रांनो, मी एक जुना अरबी शब्द आहे. माझे नाव मख्झन, म्हणजे साठवणीची जागा, कोठार. ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरात दलेंदाबाईंच्या तेलाच्या कोठारावर मला निळ्या रंगाने लिहिले होते.

साठवण्याच्या कामातूनच मी जन्मलो. तुमच्याकडचा खजिना माझा भाऊबंद, आमचे घराणे एकच. व्यापाऱ्यांबरोबर मी समुद्रापार गेलो. इटलीत मी कोठारच राहिलो. स्पेनमध्येही कोठार, फक्त आमच्या अरबीत नामाआधी लागणारा ‘अल’ तिथे मला कायमचा चिकटला. फ्रान्समध्ये आधी कोठार होतो, मग दुकान झालो. रशियातही दुकानच. इंग्रजांनी मात्र कमाल केली! त्यांनी मला आधी कोठार केले, दारूगोळ्याची खोली केले, आणि पुढे माहितीचे कोठार म्हणून चक्क छापील अंक केले. तुम्ही चाळता ते मॅगझिन म्हणजे मीच. हे सांगताना नसलेली छाती फुगते.

मागच्या वर्षी दलेंदाबाईंचा भाचा मोंजी फ्रान्समधल्या मार्सेहून परतला. त्याला कोठाराचे दुकान करायचे होते. त्याने रंगाऱ्याला माझ्यावर चुना मारायला बोलावले.

“आत्या, इथं फ्रेंच पाटी लावू. आणि शेजारणींचे हे रांजण आधी बाहेर काढ. गिऱ्हाइकानं उभं कुठं राहायचं?”

फ्रेंच पाटीवर ‘दुकान’ या अर्थाने येणार होता तो शब्द माझाच नातू. त्याचा मला राग नव्हता. भीती रांजणांची होती. गल्लीतल्या घरांचे वर्षभराचे तेल आमच्याकडेच असते. ते गेले तर मी नुसता भिंतीवरचा रंग उरलो असतो.

दलेंदाबाईंनी कमरेवर हात ठेवले. “पाटी हवी ती लाव बाबा, भिंती तुझ्या बापाच्याही आहेत. पण रांजणाला हात लावलास तर बघ! त्या मबरूकाच्या घरात अंथरूण पसरायला जागा नाही. ती काय तेल उशाला घेऊन झोपेल?”

रंगारी खुदकन हसला. शेवटी पुढे दुकान झाले, मागे रांजण राहिले आणि माझ्यावर चुन्याचे दोन हात बसले. खरे सांगतो, मला फार लागले ते.

मग जैतुनाचा, म्हणजे ऑलिव्हचा, हंगाम आला. घाण्यावरचे ताजे तेल घेऊन बायका दारात जमल्या. एकच गलका! मबरूका सगळ्यांना ढकलत पुढे घुसत होती. नव्या पाटीखाली घामाघूम झालेला मोंजी ओरडला, “अगं बायांनो, रांगेत या! मख्झन काय पळून जातंय?”

मित्रांनो, तुमच्या बोलीतले जुने शब्दही असेच कामाची वाट पाहत असतील. त्यांना नुसते वहीत लिहून ठेवू नका, त्यांना काम सांगा. मी इतके देश पाहिले, इतका मान मिळवला, पण मोंजीच्या तोंडून त्या गर्दीत निघालो तेव्हा जेवढा ताठ उभा राहिलो, तेवढा कधीच राहिलो नव्हतो.