गुंडूआण्णांचा बोगदा

पूर्णिमाचं लग्न झालं ते २०२३ साल. त्याच साली खंडेनवमीला तिच्या थोरल्या बहिणीनं, संयोगितानं, ती नोकरीला असलेल्या कोल्हापूरच्या दूध संघातला बोगदा बंद करायचा घाट घातला.

बोगदा मातीतला नव्हे, इंटरनेटचा. आयपीव्ही-सिक्सचे नवे पत्ते आले तेव्हा मधली वाट जुन्याच पत्त्यांची होती. म्हणून तिच्या वडिलांनी, गुंडूआण्णांनी, याच संघात नोकरीत असताना दुधाच्या आकड्यांचं नवं पाकीट जुन्या पाकिटात घालून आजऱ्याहून कोल्हापूरला आणायची सोय केली. आता सगळी वाट नवी झालेली. दुहेरी पाकीट जाड होऊन मध्येच अडकायचं.

"आजऱ्याचं संध्याकाळचं दूध पडद्यावर सरळ वाटेनं दिसलं तर बोगदा कायमचा बंद," व्यवस्थापक हंबीरराव म्हणाले. "टँकर दारात येईस्तोवर न्हाय दिसलं, तर जुनंच चालू. परत नाव काढायचं न्हाय!"

आण्णा मुद्दाम बघायला आले होते. "माझा बोगदा माझ्यासमोर बुजव की, पोरी!"

दुपारी तिनं बोगदा बंद केला. आता आकडे आजऱ्याला पाठवलेल्या नव्या डब्यातून, म्हणजे राउटरमधून, सरळ यायचे होते. संध्याकाळ झाली, पण पडद्यावर आजऱ्याचं पान कोरंच.

"काय संयोगिता, म्हशी आटल्या व्हय?" हंबीरराव हसले.

तिनं आजऱ्याच्या संकलन केंद्रावर बयाबाईंना फोन लावला. "बयाक्का, नवा डबा चालू हाय न्हवं?"

"आज? खंडेनवमी हाय की! दुधाचं यंत्र तेवढं चालू ठेवलंय. नवा डबा हार घालून पूजेला मांडलाय. उद्या उठवायचा."

"आक्का, आत्ता लावा!"

"पूजेतली वस्तू मी हलवत न्हाय, बाई."

बाहेर टँकरचा भोंगा वाजला. आण्णांनी संयोगिताच्या हातातून फोन ओढलाच.

"बयाबाई, गुंडू बोलतोय. उत्तरपूजा आताच उरका. अक्षता टाका, नारळ फोडा, डबा उठवा!"

"चालतंय व्हय आण्णा?"

"न चालायला काय झालं? देवाला काय दूध नको हाय?"

फोनमध्ये नारळ फुटल्याचा आवाज आला. टँकर फाटकातून आत वळत होता. संयोगिता पडद्याकडं डोळे लावून बसली. आणि एक ओळ उमटली! मग दुसरी, मग भराभरा सगळा आजरा.

"च्यायला, आलं की!" हंबीरराव टाळ्या पिटत उठले.

"बुजवा आण्णा!" संयोगिता ओरडली. आण्णांनी स्वतःच्या हातानं बोगद्याच्या जुन्या डब्याची तार उपटली आणि लेकीला कडकडून मिठी मारली.

गुंडूआण्णा पुढच्या साली, २०२४ च्या चैत्रात, वारले.