भिजत घातलेली बंदूक

मी गोजरबाईची ठासणीची बंदूक बोलतेय. दचकू नका, माझं पोट रिकामं आहे. ठासणीची म्हणजे तोंडातून दारू भरायची, गजानं ठासायची, कानावर, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या भोकावर, फुटणारी टोपी बसवायची आणि मग घोडा ओढायचा. एवढी उस्तवार होईपर्यंत समोरचं जनावर घरी जाऊन जेवून येतं, असं आमच्या गावात म्हणायचे. म्हणोत बापडे.

माझी नळी आणि घोडा गोजरबाईच्या नवऱ्याच्या, भगवानरावांच्या वेळचे. ते वारले आणि मी गोठ्यात खुंटीला लागले. परवाना बाईच्या नावावर झाला खरा, पण माझ्याकडे बघायला सवड कुणाला होती? वाळवीनं माझा लाकडी दस्ता आतून पोखरला आणि एक दिवस मी भदकन शेणात पडले. अपमान अपमान म्हणतात तो याहून वेगळा नसावा.

त्याच सुमारास रानडुकरांनी लागोपाठ दोन हंगाम गोजरबाईची ज्वारी आडवी केली. शेजारचं वावर तिच्या दिराचं, अर्जुनरावांचं. ते ओसरीवर येऊन बसले.

"वयनी, वावर माह्याकडं वाहाले द्या. दाने तुमाले घरी आनून देतो. बाईमानसानं वावरातल्या माळ्यावर बसून राखन काऊन करावी?"

माणूस वाईट नव्हता हो. मनापासून बोलत होता, म्हणून तर बाईला उत्तर देणं जड गेलं. एकदा सोडलेलं वावर परत हातात येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"या साली ज्वारी घरी नाई आली त देते," ती म्हणाली. "आली त हा इषय पुन्हा काढू नका."

अर्जुनरावांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी बाईनं मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि पिंपळगाव राजाला इंद्रभान सुताराकडे नेलं. इंद्रभानचा हात गाड्या, वखर, तिफणी करण्यात बसलेला. तो मला खालून वरून बघत राहिला.

"वयनी, बंदूक म्या कधी केली नाई."

"पहिली गाडी केली तवा त्याच्या आधी कुठं केली होती, भाऊ?"

तो मलकापूरला जाऊन उस्मानमिया बंदूकवाल्यांना विचारून आला. त्यांनी बजावलं होतं की लाकूड चांगलं वाळलेलं घ्या, ओलं लाकूड दगा देतं. इंद्रभान "हाव, हाव" म्हणाला, पण ज्वारी गुडघ्याला आली होती आणि वाळलेलं लाकूड घरात नव्हतं. त्यानं ताजी बाभूळ तोडली.

काम मात्र त्यानं जीव लावून केलं. बाईला कोपर दुमडायला लावून त्या मापाचा दस्ता कापला. नळीला तेलात कालवलेलं काजळ फासायचं, ती लाकडाच्या खाचेत दाबायची, काळं उठेल तिथं किंचित तासायचं, पुन्हा दाबायचं. माझं अंग त्या खाचेत असं बसलं की मधून केस जाणार नाही. शेवटी नळी आणि लाकूड बांधायला कड्या हव्या होत्या. त्या त्यानं चाकावर लोखंडी धाव चढवतात तशाच चढवल्या. भट्टीत लाल केल्या, सरकवल्या, वरून पाणी ओतलं. कड्या आवळल्या आणि मी एकजीव झाले. मला निंबाच्या खोडाला बांधून लांबून दोरीनं पहिला बार काढला, तेव्हा इंद्रभानचा चेहरा बघण्यासारखा होता. लेक झाली तेव्हाही एवढा खुलला नसेल.

मग गोजरबाई मला घेऊन पिकातल्या मचाणावर, म्हणजे माळ्यावर बसू लागली. ती वरूनच हवेत बार काढायची, डुकरं पळायची. खाली उतरायची मात्र तिची हिंमत नव्हती. ज्वारीला दाणा भरला तसा कोरडा वारा सुटला. ओली बाभूळ वाळली, आक्रसली, कड्या ढिल्या पडल्या आणि मी खुळखुळ्यासारखी वाजू लागले. बाई इंद्रभानकडे आली.

"चाक ढिलं झालं त आपन काय करतो?" इंद्रभान म्हणाला. "भिजत घालतो."

घातलं की मला नाल्यात! वर दगड ठेवला. तोंडात मेणकापडाचा बोळा कोंबला, पण मला कानही आहे हे दोघंही विसरले. लाकूड फुगलं, कड्या आवळल्या, दोघं खूश झाली. मला उन्हात ठेवलं, बाहेरून मी खडखडीत झाले. आत पाणी होतं ते मी कुणाला सांगू?

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना नाल्याकडून कळप शिरला. गोजरबाईनं घोडा ओढला. टोपी फुटली, बस्स. दुसरी लावली, तेच. खाली ज्वारीची ताटं कडाकडा मोडत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि बाई माळ्यावरून उतरली. एका हातात मी, दुसऱ्या हातात विळा. विळ्याच्या पाठीनं माझ्या नळीवर बडवत ती सरळ ज्वारीत घुसली. "माहं वावर आहे हे, माहं वावर," एवढंच ती ओरडत होती. असा आवाज मी कधी काढला नव्हता आणि तिनंही नाही. कळप नाल्यापार झाला.

अर्जुनराव काठी घेऊन धावत आले तेव्हा ती मोडलेली ताटं उभी करत होती. ते दोन वावरांमधल्या धुऱ्यावरच थांबले.

"वयनी, हातातून रक्त येऊन राह्यलं," ते म्हणाले.

एक कोपरा गेला, बाकीची ज्वारी घरी आली. कणसं वाहायला अर्जुनरावांनी स्वतःची गाडी जुंपली. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

इंद्रभान मान खाली घालून आला. "वयनी, हा दस्ता काढून टाकतो. वाळलेलं सागवान घालतो."

"राहू द्या, भाऊ. ही वाजली असती त म्या माळ्यावरून उतरलीच नसती."

पुढे इंद्रभाननं बऱ्याच जणांच्या बंदुकांना दस्ते केले, आणि वाजायच्या हो त्या छान. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? मी आत गंजत गेले. बाई मात्र राखणीला निघताना दरवर्षी मलाच सोबत नेत राहिली.

आता तिचे डोळे गेलेत. परवाना पुढे चालवायचा नाही असं ठरलं आणि आज सकाळी अर्जुनराव तिला गाडीत बसवून मला पोलीस ठाण्यात जमा करायला घेऊन आले. शिपायानं मला उचलून पाहिलं, घोडा खटखटवला.

"चालते काय हे?"

बाईच्या आधी अर्जुनरावच बोलले. "नाई चालत, साहेब. पन हिच्यापायी वावर आमच्या वयनीकडंच राह्यलं."

शिपायाला काही कळलं नाही. त्यानं मला मालखान्यात भिंतीला टेकवलं. बाईनं चाचपत माझ्यावर एकदा हात ठेवला आणि ती दिराच्या आधारानं बाहेर पडली. गाडी वळल्याचा आवाज मला ऐकू आला. सावकाश जा गं, बाई.