सातवा ठोका

युवराजनं सातव्या ठोक्याला बटण दाबलं आणि तो पुन्हा मेला. पडद्यावरचा लढवय्या गुडघ्यांवर कोसळला, बारा सावल्यांचं कडं त्याच्याभोवती मिटलं आणि खाली अक्षरं उमटली : पुन्हा खेळा. आपणच बनवलेल्या खेळात सकाळपासून अकरा वेळा मेलेला माणूस अख्ख्या बेळगावात तो एकटाच असावा.

मागं उभ्या असलेल्या सुहासनं चहाचा शेवटचा घोट घेतला आणि कप खिडकीत ठेवला.

"म्हणजे लोक म्हणताहेत ते खरंय. अरे, तुलाच जमत नाही, तर त्यांना काय जमणार?"

खेळाचं नाव 'फेरी'. मधोमध तुम्ही उभे आणि भोवती बारा सावल्या. ढोल सुरू होतो आणि झांजेचा ठोका त्या रिंगणात एकेका सावलीकडून पुढच्या सावलीकडं फिरत जातो. जिचा ठोका तिचा वार. तुमचं बटण ठोक्याबरोबर पडलं तर वार अडतो, नाहीतर तुम्ही आडवे. टिळकवाडीत एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर सात जणांनी पावणेदोन वर्षं खपून तो बनवला होता. खालून पावाचा वास यायचा आणि वर हे लोक उपाशीपोटी सावल्या हलवत बसायचे. गेल्या गुरुवारी दुपारी, कुणाला पूर्वकल्पना न देता, "आजपासून मिळेल" एवढ्या एका ओळीवर सुहासनं खेळ बाजारात आणला. याला तो धोरण म्हणायचा. जाहिरात करायची ऐपत नव्हती, हे बाकीच्या सहांना ठाऊक होतं.

पण धोरण फळलं. संध्याकाळपर्यंत ब्राझील म्हणू नका, पोलंड म्हणू नका, कुठकुठली माणसं युवराजच्या कंग्राळी गावच्या ढोलावर माना हलवू लागली. कुणी लिहिलं, जेवायचं विसरलो. कुणी लिहिलं, हा ताल यंत्राचा नाही, थकतो, घाई करतो, मध्येच दम घेतो, माणसं आहेत ही. कौतुकाचा नुसता पाऊस पडत होता. आणि त्या कौतुकाच्या शेवटी बहुतेकांची एकच तक्रार होती. चौथ्या टप्प्यात वेग वाढला की सातवा ठोका जमत नाही. बाकीचे अकरा डोळे मिटून अडवता येतात, तिथंच हात चुकतो.

निपाणीची माधवी नावाची एक मुलगी असले खेळ खेळत खेळत लोकांना दाखवते आणि हजारो लोक ते बघतात. शनिवारी ती त्या जागी चौदा वेळा मेली, मग डोक्याला हात लावून हसली आणि म्हणाली, "अकरा आपले हाईत बगा. एक उपरा हाय." झालं, नाव पडलं. सोमवारपर्यंत परदेशातली माणसंही रोमन अक्षरांत 'उपरा' लिहू लागली होती. उपऱ्यानं मारलं. उपऱ्याला कुणी बोलावलं होतं?

"हा उपरा आला कुठून पण?" सुहासनं विचारलं.

कुठून आला हे युवराजला चांगलं माहीत होतं.

दिवाळीत त्यानं आपली बहीण ऋतिका हिच्याकडं रेकॉर्डर पाठवून दिला होता. कंग्राळीच्या झांजपथकाचा सराव तिनं चाळीस मिनिटं रेकॉर्ड केला. टिळकवाडीहून कंग्राळी काय ती सहा-सात किलोमीटर, पण त्याला सवड झाली नाही. आलेला आवाज त्यानं संगणकावर उघडला तेव्हा रेघेवर अकरा उंचवटे होते आणि सातव्या जागी सपाट. तेव्हा तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "गावची म्हातारी माणसं आहेत. खातात एखादा ठोका." सगळे हसले होते, आणि सगळ्यांच्या आधी तो स्वतः हसला होता. मग त्यानं सहावा ठोका उचलला, मोजून मापून सपाट जागेच्या मध्यावर चिकटवला आणि तेवढी एक फेरी कापून घेऊन बाकीचं बाजूला टाकलं. हे सगळं त्यानं डोळ्यांनी केलं, कान लावलेच नाहीत. सातवीपासून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत त्याच रिंगणात झांज धरून उभा राहिलेला माणूस हा.

सुहासनं विचारल्यावर, त्याच दुपारी त्यानं बाजूला टाकलेलं सगळं रेकॉर्डिंग पहिल्यांदा नीट ऐकलं. पहिल्या फेरीत सातवा ठोका नव्हता. दुसऱ्या फेरीत नव्हता. विसाव्या फेरीतही नव्हता. सहावा वाजायचा, मग ढोल एकटाच चालायचा, किंचित हळू, आजारी माणसाच्या दारावरून जाताना आपण पाय हळू टाकतो तसा. आणि आठवा बरोबर आपल्या वेळेवर यायचा. कुणी चुकत नव्हतं. बाराही जागा वाजत होत्या, त्यांतली एक न वाजवून.

मग त्याला आठवलं. पथकातला माणूस गेला की वर्षभर त्याची जागा कुणाला देत नाहीत. फेरी त्याच्या जागेवरून जाते, पण ठोका पडत नाही. वर्ष सरलं की घरातला दुसरा कुणी तिथं उभा राहतो. युवराजनं लहानपणी हे एकदा पाहिलं होतं. आणि भावकू आण्णा गेले होते. झांजेच्या दोरीचा वेढा बोटांना कसा घ्यायचा हे त्याला शिकवणारे भावकू आण्णा. कामाच्या गडबडीत तो बाराव्याला सुद्धा आला नव्हता. कधी गेले ते, गेल्या साली की त्याच्या आधी, हेही त्याला धड आठवेना. मेलेल्या माणसाच्या मौनात आपण यंत्राचा ठोका बसवला आणि वर हसलो, हे ध्यानात आलं तसे त्याचे कान तापले.

"रविवारी गावाकडं जाऊन परत रेकॉर्ड करून आणतो," तो सुहासला म्हणाला.

"आण. सोमवारी दुरुस्ती टाकायचीच आहे. आणि या खेपेला त्यांना जरा नीट वाजवायला सांग."

म्हातारे नीटच वाजवतात, असं म्हणायला युवराजनं तोंड उघडलं. मग कोपऱ्यातल्या दोघांनी मान वर केलेली पाहिली आणि मिटलं.

रविवारी सकाळी त्यानं वाटेत एक नारळ घेतला. काय बोलायचं ते गाडीवर मनात जुळवत आला होता, ते गावाच्या कमानीपाशीच विस्कटलं. लक्ष्मीच्या देवळापुढं पथक उभं होतं. मष्णू आप्पा ढोल गळ्यात अडकवून पट्टा ओढत होते. सत्तरी उलटली तरी पथक त्यांच्याच शब्दात होतं. ऋतिका देवळाच्या भिंतीला टेकून उभी होती. दर रविवारी ती तिथंच उभी असते, असं आई फोनवर सांगायची.

"आलास व्हय रं?" आप्पा म्हणाले. "परदेशातली मान्सं आपला ढोल ऐकाय लागल्यात म्हणं. च्या घेतोस?"

"नको आप्पा. आधी एक काम हाय."

ढोलाच्या उजव्या हातापासून त्यानं मोजलं; रिंगणात असताना त्यानं जागा कधी मोजल्या नव्हत्या, शेजाऱ्याच्या मागोमाग वाजवायचं एवढंच ठाऊक. सहा माणसं, मग एका माणसापुरती मोकळी जागा, मग पाच माणसं. मोकळ्या जागेत घडी केलेल्या टॉवेलवर झांजांची जोडी ठेवलेली होती, घासून लख्ख. युवराजनं चपला काढल्या, तिथं गेला, झांजांशेजारी नारळ ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

आप्पांनी हातातली टिपरी खाली केली.

"बरं केलास," ते म्हणाले. "सोता आलास. कुणाच्या हातनं धाडला न्हाईस, ह्ये बरं केलास."

"भावकू आण्णाच्या येळेला यायला जमलं न्हाय आप्पा. म्हणून म्हटलं, त्येंच्या जागेवर तरी..."

आप्पांनी त्याच्याकडं निरखून बघितलं.

"ही भावकूची जागा कुटली? भावकू दहावा. त्येला जाऊन तीन वरसं झाली. वरीस सरलं तसा त्येचा पुतण्या उभा ऱ्हायलाय की तितं."

दहाव्या जागेवरच्या आदर्शनं मान हलवली आणि उगाच झांजेची दोरी चाचपली.

"मग ही कुणाची?"

भिंतीकडून ऋतिकाचा आवाज आला.

"दादा, ही तुझी."

"गेलेल्याची वरीसभर राखायची," आप्पा म्हणाले. "जित्याची, त्यो सोडतो म्हणंपातूर. तू काय बोलला न्हाईस. बेंगळूरला गेलतास, तितनं टिळकवाडीला आलास. आमी म्हटलो, यील की. सा वरसं तुजा ठोका सोडून वाजवतोय." त्यांच्या आवाजात रुसवा नव्हता. शेतात कुठलं पीक घेतलंय हे सांगावं तसं ते सांगत होते. "जागेवर नारळ ठिवला म्हंजी सोडली. आता पोरीला घेता यील. दोन वरसं झाली, भित्तीला टेकून हाय ती."

युवराजनं ऋतिकाकडं पाहिलं. ती पायाच्या अंगठ्यानं फरशीवरची माती उकरत होती, वर बघत नव्हती. म्हातारे ठोका खातात, असं तो म्हणाला होता. ते खात नव्हते. ते त्याचं ताट वाढून ठेवून सहा वर्षं त्याच्यासाठी थांबले होते, आणि आपल्याच वाढलेल्या ताटाला हसून तो मोकळा झाला होता.

आप्पा दोन पावलं पुढं आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "न्हवं, चुकून ठिवलास का काय? चुकून आसंल तर उचल. आमी काय बगितलं न्हाय."

नारळ पायाशी होता. नुसतं वाकायचं होतं. पण वाकलं की झांजा उचलाव्या लागणार होत्या, आणि हाताला आता त्या पेलतील की नाही कोण जाणे. पुढच्या रविवारी यावं लागणार होतं, त्याच्या पुढच्याही. नारळ कशासाठी आणला हे सांगायचं तर त्या जागी काय चिकटवलं हेही सांगावं लागणार होतं. आणि सोमवार उद्यावर आला होता. ऋतिका उभी राहिली तर बाराही ठोके आजच्या आज मिळत होते. युवराजला लाज वाटत होती, आणि भर लाजेत आपण सोमवारचा विचार करतोय याची त्याहून जास्त वाटत होती.

"न्हाय आप्पा," तो म्हणाला. "आसू दे."

आप्पांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग स्वतः वाकून नारळ उचलला, देवीच्या पायरीवर ठेवला आणि ऋतिकाला मानेनं खूण केली. ती आली, झांजांना हात लावून तो कपाळाला नेला, आणि दोरीचा वेढा बोटांना घेतला, अगदी भावकू आण्णा घ्यायचे तसा. तो तिला कुणी शिकवला होता कोण जाणे. दिवाळीपासून तिच्याकडंच राहिलेला रेकॉर्डर तिच्या गळ्यात होता. तो काढून तिनं युवराजच्या हातात दिला.

"तू धर, दादा."

ती उभी असायची तिथं, भिंतीपाशी, तो जाऊन उभा राहिला.

ढोल सुरू झाला. ठोका रिंगणात फिरत आला, चौथा, पाचवा, सहावा, आणि ऋतिकानं सातवा वाजवला, बाकीच्यांसारखाच, एक दम घेऊन. चुकला तो आठवा. सहा वर्षं मोकळ्या जागेनंतर वाजवायची सवय पडलेला, खाली मान घालून वाजवणारा महादेव दचकला आणि त्याचा ठोका मागं पडला. सगळे हसले. आप्पाही हसले. "पुन्यांदा," ते म्हणाले.

दुसऱ्या खेपेला फेरी पुरी झाली.

सोमवारी दुपारी दुरुस्ती गेली. संध्याकाळी सगळे सुहासच्या टेबलाभोवती जमले. पडद्यावर माधवी खेळत होती. चौथा टप्पा आला. तिनं पाठ ताठ केली, ओठ दाबून धरले. सहावा अडवला, सातवा अडवला, आठवा, नववा, आणि बारावा ठोका झाल्यावर खुर्चीत मागं टेकून दोन्ही हात वर केले.

"जमलं की वो," ती म्हणाली. "उपरा गेला एकदाचा."

खाली जगभरच्या लोकांनी टाळ्या वाजवणारे हात टाकायला सुरुवात केली. सुहासनं युवराजच्या पाठीवर थाप मारली.

"बघ. सांगितलं की वाजवतात नीट म्हातारे."

सगळे हसले. युवराज हसला, तोवर बाकीच्यांचं हसून झालं होतं.