बुजऱ्याचं अंथरूण

म्हस्कूनं बुजऱ्याच्या अंगावर ट्रॅक्टरचं जळकं ऑइल ओतलं, त्या दिवसापासून ते पिल्लू माणसाचा हात दिसला की जागच्या जागी मुतायचं. लूत लागलेल्या कुत्र्याला ऑइल फासायचं, हे निरवांगी गावात सगळेच करत. खाज मात्र तसूभर कमी झाली नाही. शेपटीच्या बुडाशी केस गळून कातडी लालभडक झाली होती. खाजवून भागेना, तेव्हा पिल्लू स्वतःलाच चावायचं.

"दिपालीच्या पायावर बी फोड आल्यात," म्हस्कू बायकोला म्हणाला. दिपाली त्यांची नात. "ह्याला टेम्पोत घालतो आन् बाजाराला जाताना कालव्याच्या पल्याड सोडून देतो."

"आधी मी बरं करते. न्हायच झालं तर मग सोडा," सारजा म्हणाली.

"तू काय डॉक्टरीण हायस व्हय?"

"न्हाय. पर डॉक्टरीण कुठं बसती ते ठावं हाय."

महिन्यानंतरच्या बाजारापर्यंत मुदत मिळाली. मेंढरं विकून घरानं ऊस धरला त्याला बरीच वर्षं झाली होती, पण मेंढरामागचं एक कुत्रं दारात असावं म्हणून सारजानं कळस गावच्या भावाकडून हे पिल्लू आणलं होतं. असं भेदरट पोर परक्या गावच्या कुत्र्यांत एक दिवस टिकणार नाही, हे ती जाणून होती.

बुजलेलं मेंढरू धरायचं तर त्याच्याकडं बघायचं नाही. सारजा पडवीत पाठमोरी बसली, भाकरीचा तुकडा मागं ठेवला आणि शेंगा फोडत राहिली. पहिल्या दिवशी तुकडा मुंग्यांनी नेला. दुसऱ्या दिवशी मागं कुरतडल्याचा आवाज आला. तिनं मान वळवली नाही. पुढं पिल्लू तिच्या पदराला नाक लावायला लागलं, तेव्हा तिनं त्याला अलगद पाटीत ठेवलं, वर लुगड्याचा तुकडा बांधला आणि बारामतीची एसटी धरली.

"मावशी, पाटीत काय हाय?" कंडक्टरनं विचारलं.

"पाव्हणा हाय. लाजतोय."

जनावरांच्या दवाखान्यात गाई घेऊन आलेले बापे हसले. एकानं विचारलंच, "मावशी, किती लिटर देतंय?"

"तुमच्या गाईपरीस कमी वरडतंय," सारजा म्हणाली आणि रांगेत उभी राहिली.

डॉक्टर करुणा तरुण होत्या, बोलणं हळू. त्यांनी बुजऱ्याच्या केसांतून बारीक फणी फिरवली. फणीत काळे कण आले. ते त्यांनी ओल्या कापसावर टाकले. कणांभोवती तांबडे डाग पसरले.

"ही लूत नाही, मावशी. पिसवा आहेत. हे कण म्हणजे त्यांची घाण; ह्याचंच प्यालेलं रक्त. ह्याला पिसवेची लाळ सोसत नाही. एक चावली तरी अंगभर खाज सुटते. तुमच्या नातीलाही त्याच चावत असणार. हा झोपतो कुठं?"

बुजऱ्या पडवीतल्या घोंगडीवर झोपायचा. ती म्हस्कूच्या वडिलांची, आबाजींची घोंगडी. जत्रेला बिरोबापुढं तीच अंथरत. लोकरीच्या वासानं पिल्लू तिथं निर्धास्त व्हायचं, म्हणून सारजानं काणाडोळा केला होता. देवाच्या घोंगडीवर कुत्रं, हे चारचौघांत कसं सांगायचं?

"अंगणात. मातीत," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पावडर दिली. "अंथरूण असतं तर ते उकळायला सांगितलं असतं. अंडी आणि अळ्या तिथंच असतात, कुत्र्यावर नाही."

पावडरीनं थोडे दिवस बरं वाटलं. मग खाज पुन्हा सुरू झाली, आणि मुदतीचा बाजार तोंडावर आला.

सारजानं एक पांढरं फडकं भिजवून पसरलं आणि घोंगडीची घडी त्यावर झटकली. काळे कण पडले. बघता बघता त्यांचे डाग तांबडे झाले.

त्या घरात घोंगडीला पाणी लावत नसत. उन्हात टाकायची, काठीनं झोडायची, की झालं. तरी सारजानं चुलीवर मोठा हंडा चढवला.

"सारजे, अगं देवाची घोंगडी ती!" शेजारची तानूबाई कुडावरून ओरडली. "म्हस्कूराव घराबाहीर काढत्याल!"

"काढू दे. मी आन् बुजऱ्या दोघं जाऊ."

पाण्याला उकळी फुटली तशी तिनं घोंगडी काठीनं आत दाबली. मेंढरांचा ओला वास अंगणभर पसरला. तिनं पडवीच्या भेगा खरवडल्या, त्यातली अंडी जळावीत म्हणून माती चुलीत टाकली, जमीन सारवली, बुजऱ्याला पुन्हा पावडर लावली.

घोंगडी निघाली ती आकसून निम्मी होऊन, बोटभर जाड. संध्याकाळी म्हस्कूनं ती दोन्ही हातांनी उचलून धरली.

"आबाची व्हती," तो म्हणाला.

"व्हय. मामंजींनी कंदी आजारी मेंढरू वाटंत टाकलं व्हतं का?"

म्हस्कूनं घोंगडी वलणीवर टाकली आणि न जेवता झोपला.

निजायची जागा गेली म्हणून पिल्लू दिवसभर बैलगाडीखाली कण्हत बसायचं. सारजानं जवळ उकळलेलं पोतं टाकलं आणि धान्य निवडायला तिथंच बसू लागली. बोलवलं मात्र नाही.

बाजारच्या सकाळी टेम्पो दारात थांबला. "तात्या, कुत्रं टाकायचं व्हतं न्हवं?" ड्रायव्हरनं म्हस्कूला विचारलं.

बुजऱ्या पोत्यावर चारी पाय पसरून, पोट उघडं टाकून झोपला होता. शेपटीजवळची लाली फिकी पडली होती. म्हस्कू बराच वेळ बघत राहिला. पिल्लानं खाजवायला एकदाही पाय उचलला नाही.

"झोपलंय ते," तो ड्रायव्हरला म्हणाला. "चल. आन् हितं हॉर्न वाजवू नगंस."

सारजाशी तो पुढं आठवडाभर बोलला नाही. तिनंही मनधरणी केली नाही. राहिलेल्या अंड्यांतून नव्या पिसवा निघणार होत्या. त्यांच्यासाठी पावडरीचा डबा उघडून ती बैलगाडीशी पाठमोरी बसली, बुजऱ्या आपणहून जवळ यायची वाट बघत.